खांद्यावरच्या जांभळ्या चिरा : तालमीत राहून घेतलेले उपचार

कोल्हापुरात तालमीत दाखल झाल्यावर चार महिन्यांत माझं वजन ७१ वरून ८१ किलोवर गेलं. पुढच्या महिन्यात काखेच्या पुढच्या घडीपासून छातीकडे जांभळट चिरा उमटल्या. हाताला किंचित खोलगट लागायच्या, घाम आला की खाजायच्या.

या चिरा म्हणजे स्ट्रेच मार्क्स. त्या वरच्या कातडीत पडत नाहीत, म्हणून रक्त येत नाही की खपली धरत नाही. खालच्या थरात कोलॅजन आणि इलास्टिनच्या धाग्यांची वीण असते. अंग तिच्यापेक्षा वेगानं भरलं की ती तुटते. शरीर ती जागा भरून काढतं, पण पहिल्यासारखी वीण होत नाही. सुरुवातीला तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात म्हणून चिरा लाल-जांभळ्या, सावळ्या अंगावर तपकिरीही दिसतात. काही महिन्यांनी त्या पांढुरक्या पडतात. मलमाचा जो काही उपयोग व्हायचा तो रंग असेपर्यंतच. मी दोन महिने तेल चोळण्यात घालवले, ते वाया गेले. खोबरेलानं खाज आणि कोरडेपणा कमी होतो, त्यासाठी ते जरूर लावावं. तुटलेली वीण तेलानं जुळत नाही.

त्वचारोगाच्या ओपीडीत डॉक्टरांनी खांद्याआधी जांघ तपासली. तिथल्या चिरा जास्त रुंद होत्या, आणि कारण वेगळं होतं. लंगोटाच्या ओलाव्यानं गजकर्ण झालं होतं आणि त्यावर मी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब तीन महिने लावत होतो. तिच्यात क्लोबेटासॉल होतं. हे तीव्र स्टेरॉइड कातडी पातळ करतं, घडीच्या जागी जास्त मुरतं आणि कायमच्या चिरा पाडतं. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणूस फसतो; आत बुरशी पसरतच राहते. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ती गजकर्णाला लावू नये. मला ती बंद करून नुसतं बुरशीचं औषध दिलं. बंद केल्यावर सुरुवातीला खाज उसळली, पण पुन्हा तिच्याकडे वळलो नाही.

पुढचा प्रश्न सरळ होता : अंग भरायला इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतोस का? इथं खरं सांगावंच लागतं, कारण तपास त्यावर ठरतो. चिरा एक सेंटिमीटरहून रुंद आणि गडद जांभळ्या असतील, चेहरा गोल सुजला असेल, जरा लागलं की काळंनिळं होत असेल, बैठकेतून उठताना मांड्यांत जोर उरत नसेल, तर शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, वाढल्याची शंका घेतात. त्याची एक तपासणी अशी : रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी, सकाळी ८ च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल. माझं ठीक आलं.

खांद्यांसाठी ट्रेटिनॉइनचं मलम दिलं, आधी ०.०२५ टक्के, सहा आठवड्यांनी ०.०५ टक्के. रात्री खांदा धुवायचा, कोरडा करून २० मिनिटं थांबायचं, मग एका खांद्याला वाटाण्याएवढंच मलम आणि त्यावर साधं मॉइश्चरायझर. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड. ओल्या अंगावर लावलं की जळजळ वाढते. जास्त लावून लवकर गुण येत नाही, कातडी मात्र सोलवटते, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर सोलवटलेली जागा महिनोन्‌महिने काळी राहते. माझ्या डाव्या खांद्यावर तसा डाग पडला. पाच दिवस मलम थांबवून पुन्हा एक दिवसाआड सुरू केलं. उघड्या अंगानं उन्हात पळायचं असेल तर सनस्क्रीन हवंच. घरातल्या गर्भार किंवा मूल हवं असलेल्या बाईनं हे मलम वापरू नये, हे सांगायला विसरू नका. बाळंतपणाच्या चिरांवर आपलं मलम देऊन टाकणारे पाहिलेत.

चौथ्या महिन्यात मायक्रोनीडलिंग सुरू केलं : दीड मिलिमीटरच्या सुया, पाच-पाच आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा. आधी बधिर करणारं मलम ४५ मिनिटं लावून ठेवतात. बारीक जखमांमुळे आत नवं कोलॅजन तयार होतं. पैलवानाची खरी अडचण त्यानंतरची असते. आखाड्याच्या हौद्यातली माती उघड्या छिद्रांत गेली की पू धरू शकतो. मी प्रत्येक वेळी सात दिवस मातीत उतरलो नाही, मालिश बंद ठेवलं. बैठका चालू होत्या. वस्तादांना आधीच सांगून तारखा कुस्तीच्या मैदानापासून लांब ठेवल्या. ऑनलाइन मिळणारा रोलर घरी फिरवू नये, आणि दोघांत मिळून एकच रोलर तर कधीच वापरू नये.

रोज आरशात बघून फरक कळत नाही. महिन्यातून एकदा त्याच ट्यूबलाइटखाली, शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढला. आठ महिन्यांनी खांद्यांचा रंग गेला, चिरा अरुंद झाल्या, हाताला जवळजवळ सपाट लागतात. पुसल्या गेल्या नाहीत, जाणारही नाहीत. जांघेतल्या तशाच आहेत. तिथं ट्रेटिनॉइन नको म्हणून सांगितलं होतं.

आता वजन महिन्याला एक किलोच्या आतच वाढू देतो. लंगोट तीन ठेवलेत, रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवतो.