‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात काय लिहायचं?

दर आठवड्याला देवाविषयी मोकळेपणी बोलायला काही जणांनी जमावं, म्हणून मी सोसायटीचा हॉल मागितला होता. त्या अर्जाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते.

अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना. वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या दोन इंच जागेत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘आध्यात्मिक गप्पा’. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा वर केला. “गप्पा म्हणजे? धर्मांतर वगैरे नाही ना?” माझं ख्रिस्ती आडनाव ते वीस वर्षं ओळखतात, दिवाळीचा फराळ आमच्याकडे पाठवतात. तरी विचारलं.

अर्ज कमिटीपुढे गेला. कमिटी महिन्यातून एकदा बसते. पहिल्या महिन्यात माणसंच जमली नाहीत. दुसऱ्या महिन्यात लिफ्टच्या दुरुस्तीवर रात्रीचे अकरा वाजले. तिसऱ्या महिन्यात येणाऱ्यांची नावं फ्लॅट नंबरांसह मागितली. गप्पांना कोण येणार हे आधी कसं सांगायचं? त्याच हॉलमध्ये दर गुरुवारी भजन होतं, त्याला अर्ज लागत नाही. भजनाबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः प्रसाद खाऊन येते. अर्जाबद्दल आहे. वॉचमन म्हणाला, “मॅडम, वाढदिवस लिहा ना.” दर आठवड्याला कुणाचा वाढदिवस घालू?

मुळात हे सुचलं नवऱ्याच्या आजारपणानंतर. चर्चमधली रविवारची उपासना संपली की आमची मंडळी पंधरा मिनिटांत रिक्षा गाठतात. मनातलं विचारायचं कुणाला? आणि शेजारच्या काकू, ज्या रोज हरिपाठ म्हणतात, त्या चर्चची पायरी कशाला चढतील? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, म्हणजे ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा मेळा; त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही होते. आमच्या घरी हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांना दरबार जमला, मला एक हॉल मिळेना.

पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंची, मला उगाच धास्ती होती. “मी येत नाही, म्हणजे लोक मोकळं बोलतील,” एवढंच म्हणाले. तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर त्यांना आधी सांगा, मागून कळलं की रुसवे होतात.

अखेर परवानगी आली. दोन हजार डिपॉझिट, माइक नाही, आणि वेळ रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा. म्हणजे नेमकी आमच्या उपासनेची! मी पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले आणि हसले.

मग गेटबाहेरच्या पिंपळाच्या पारावर बसायला लागलो. शनिवारी संध्याकाळी सहाला. पहिल्या दिवशी आम्ही तिघी आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा, जो कशावरच विश्वास ठेवत नाही आणि थर्मासमधला निम्मा चहा पितो. सुरुवातीला मी प्रार्थनेनं उघडलं, ते चुकलंच. सगळे डोळे मिटून अवघडून बसले. आता चहानं उघडतो. एक प्रश्न, आणि ज्यानं तो आणला त्यानं सगळ्यांत शेवटी बोलायचं. नाहीतर त्याचं प्रवचन होतं, हे मी माझ्यावरूनच सांगते.

तिसऱ्या शनिवारी मी बायबलमधल्या ईयोबाचं काढलं. पोरं गेली, अंगभर फोड आले, तर त्यानं देवालाच जाब विचारला. असं भांडलेलं चालतं का? काकू म्हणाल्या, “आमचे तुकोबा काय कमी भांडले विठ्ठलाशी?” नवरा दवाखान्यात असताना मी जे बोलले होते ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं.

हो, विसरलेच, डासांची अगरबत्ती न्या. डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही. हॉल वापरलाच नाही, तर ‘वापरानंतर परत’ हा नियम लागू कसा होणार, असं सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं. पावसाळ्यात कुठे बसायचं ते ठरायचंय. हॉलचा अर्ज मात्र मी परत भरणार नाही.