पीटमधून निघालेले नोथो

माझ्याकडे नोथो आले ते कुरियरने. झिपलॉक पिशवीत मूठभर ओलसर पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसा), त्यात मिलिमीटरभर अंडी आणि पिशवीवर तारीख. नोथो म्हणजे नोथोब्रँकियस गुंथेरी, झांझिबारचा किलीफिश, एक छोटा रंगीत मासा. तिथली पावसाळी डबकी आटली की मासे मरतात, अंडी मात्र चिखलात तग धरतात. म्हणून टँकमध्येही अंड्यांना कोरडा काळ द्यावाच लागतो.

तो साधारण तीन महिन्यांचा, उन्हाळ्यात कमी. पण तारखेपेक्षा भिंगावर भरवसा ठेवा. अंड्यात सोनेरी कडेचे डोळे दिसू लागले, तेव्हा मी पीट उथळ डब्यात टाकलं आणि वरून बोटभर गार पाणी ओतलं. गारव्यासाठी माठ कामी आला. नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं, म्हणजे क्लोरीनही उडून गेला. (पिण्याचा माठ वेगळा. घरात शांतता हवी ना!)

काही तासांत पिल्लं दिसू लागली. ती पहिल्या दिवसापासूनच आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जीवांची पिल्लं) खातात, त्यामुळे तीही आधीच मिठाच्या पाण्यात उबवत ठेवावी लागते. काही पिल्लं तळाशी नुसती सरपटतात, वर येऊच शकत नाहीत. त्यांच्यामागे लागू नये.

पीट मात्र फेकायचं नाही. वळवाच्या पहिल्या सरीवर सगळं बियाणं पेरणारा शेतकरी फसतो. नोथोची सगळी अंडी एकदम फुटतच नाहीत. तेच पीट गाळून, निथळून पुन्हा पिशवीत भरलं, काही आठवड्यांनी भिजवलं, तर आणखी पिल्लं निघाली.

दीडेक महिन्यात नरांच्या शेपट्या लालभडक झाल्या. माद्या साध्या करड्याच. टँकला स्पंज फिल्टर, घट्ट झाकण आणि पाण्यात थोडं मीठ पुरतं. मीठ व्हेल्व्हेटसाठी, तो रोग यांना लवकर धरतो.

आता प्लास्टिकच्या डब्यात पीट भरून टँकमध्ये ठेवतो. नर मादीला पंखाने कवेत घेऊन पीटवर दाबतो आणि अंडी आत जातात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पीट काढून पिळायचं आणि वर्तमानपत्रावर पसरायचं. कधी थांबायचं, हेच यातलं सगळ्यात अवघड काम. मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये, पण तळवा ओलसर लागावा. शंका आली तर मी किंचित ओलंच ठेवतो. जास्त ओलाव्याने बहुधा उशीरच होतो. सुकून चेपलेलं अंडं मात्र गेलंच.