पावणेदोन किलोमीटर झुडपी

आमचा रस्ता होता 46 किलोमीटरचा. चौदा माणसं, दोन दिवस. पहिल्या दिवशी सायकल, दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाकाठानं पायी, आणि सायकली मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. त्यातल्या सव्वाचव्वेचाळीस किलोमीटरच्या परवानगीचं काम चार दिवसांत झालं. उरलेल्या पावणेदोन किलोमीटरसाठी मी पाच आठवडे हेलपाटे घातले. त्यामुळे जंगल किती छान होतं, नदीवर धुकं कसं उतरलं होतं, ते मला विचारू नका. मला आठवतो तो एका ऑफिसातला लाकडी बाक, ज्याचा एक पाय आखूड आहे. शेजारचा माणूस उठला की आपण खाली जातो.

नदीचं नाव लिहीत नाही. वैनगंगेला मिळते, एवढंच सांगते. नदीचं नाव सांगितलं की तालुका कळेल, तालुका कळला की टेबल कळेल, आणि मला त्या टेबलावर परत जायचं आहे.

आधीच्या एका सहलीनं माझ्या डोक्यात हवा गेली होती, तेही सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, कोलकास करत हरिसालपर्यंत सायकलीनं गेलो. त्या भागात सिपना नदी सोबतीला असते. कोरकूत सिपना म्हणजे साग, हे तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. मेळघाटातून गेलो, पण कुणाला अर्ज केला नाही, आणि गरजही नव्हती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 27 म्हणतं की अभयारण्यात विनापरवाना शिरायचं नाही. पण सार्वजनिक हमरस्त्यानं जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. रस्ता सोडून आत पाऊल टाकलं की सूट संपली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जंगलात जायचं म्हणजे पंप, दोन ट्यूब आणि शेंगदाण्याचे लाडू, अशी माझी समजूत.

या वेळचा रस्ता हमरस्ता नव्हता. गावातून निघणारा पांदण रस्ता, मग राखीव वनातला वनखात्याचा कच्चा रस्ता, मग नदीचं पात्र, आणि पलीकडं परत पांदण. अभयारण्य नाही, तरी राखीव वनात विनापरवानगी शिरणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हाच. शिवाय पूर्व विदर्भात अभयारण्याबाहेरही वाघ आहेत. मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेली माणसं तिथं जिवाला मुकतात. तेव्हा चौदा हौशी शहरी लोकांना परवानगी घ्यायला लावली, यात माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

अर्ज करताना आधी कक्ष क्रमांक लागतात. 'अमुक गावाहून तमुक गावापर्यंत' असं लिहिलेला अर्ज परत येतो. जंगल खात्याच्या लेखी जंगल म्हणजे कक्ष, आणि प्रत्येक कक्षाला नंबर. हे आकडे शोधत नेटवर बसू नका. बीटवरच्या, म्हणजे जंगलाचा तेवढा तुकडा सांभाळणाऱ्या, वनरक्षकाला गाठा. आमच्या बीटला एक तरुण मुलगी होती, मोटारसायकलवर फिरणारी. तिनं माझ्याच किराण्याच्या पावतीमागे आठ आकडे लिहून दिले आणि वर म्हणाली, "मॅडम, पाच वाजायच्या आत बाहेर निघायचं. अस्वल वाघापेक्षा वाईट." कुठल्याही कलमापेक्षा मला हेच जास्त उपयोगी पडलं.

छापील नमुन्यात एक रकाना 'वाहन क्रमांक' असा होता. चौदा सायकली, नंबर कुठून आणायचा? मी तो रिकामा सोडला, तर बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावरच्या, बाबूंनी अर्ज घेतला नाही. "रकाना रिकामा नाही चालत." मी लिहिलं, 'सायकल'. "हा क्रमांक झाला का जी?" शेवटी मागच्या रांगेतला एक शिपाई म्हणाला, "निरंक लिहा ना मॅडम." निरंक लिहिलं. अर्ज घेतला गेला, शिक्का बसला, पोच मिळाली. सरकारी कागदावर काहीच नाही म्हणायचं असेल तर रिकामं सोडायचं नाही, निरंक लिहायचं.

चौथ्या दिवशी फोन आला की टिपणी तयार आहे. मी पेढे घेऊनच गेले.

टेबलावरच्या साहेबांनी नकाशा उलगडला, पेन्सिल रस्त्यावरून फिरवत आणली आणि मधेच थांबवली. पांदण संपते तिथून राखीव वनाची हद्द लागेपर्यंत एक पट्टा. "हे काय आहे?"

"मोकळी जागा आहे सर. गुरं चरतात."

"हे झुडपी आहे मॅडम. हे आमच्याकडं नाही. महसूलचं ना-हरकत आणा."

विदर्भाबाहेरच्या वाचकांना झुडपी म्हणजे काय ते सांगावं लागेल. आम्हालाही नीट कुठं माहीत असतं. आपला हा भाग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिथल्या जुन्या महसुली कागदांत शेतीला नालायक, खुरटी झुडपं असलेली, गावच्या गुरांना सोडलेली जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे. नावात जंगल, ताबा महसूलचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, या सहा जिल्ह्यांत मिळून ती 86,409 हेक्टर भरते. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की सरकारदप्तरी जंगल म्हणून नोंद असलेली जमीन, मालक कुणीही असो, वनच समजायची. झालं, झुडपी लटकली. तोवर तिच्यावर शाळा उभ्या राहिल्या होत्या, घरं झाली होती, स्मशानं होती. आणि 22 मे 2025 ला त्याच न्यायालयानं निकाल दिला की झुडपी हे वनच. 1996 च्या आधी दिलेल्या जमिनींना काय तो दिलासा.

निकाल वाचून डोकं शांत व्हायला हवं होतं. झालं उलटं. महसूलच्या ऑफिसात गेले तर तिथले बाबू म्हणाले, "आता सुप्रीम कोर्टानं वन म्हटलं ना? मग वनाकडून घ्या. आम्ही कशाला ना-हरकत देऊ?" मी परत पहिल्या ऑफिसात. "निकाल झाला हो, पण आमच्या ताब्यात कुठं आली? सातबारा काढून बघा, सरकार लिहिलं असेल." सातबारा काढला. सरकार लिहिलं होतं. खाली, झुडपी जंगल. दोघंही खरं बोलत होते, हीच तर गोम.

मधे दिवाळी आली. मग साहेब प्रशिक्षणाला गेले. मग पटवारी रजेवर. घरापासून त्या गावची एसटी सकाळी साडेआठची, ती चुकली की दुपारीच. सहा खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी त्या आखूड पायाच्या बाकाखाली एसटीच्या तिकिटांची घडी करून लावली, आणि मला वाटतं ती अजून तिथंच असेल. आमच्या ग्रुपमधले लोक रोज विचारायचे, "ताई, झालं का?" एकानं तर सुचवलं, रात्री अंधारात तेवढं पार करून टाकू, कोण बघतं? मी त्याला ग्रुपातून काढलं नाही, पण उत्तरही दिलं नाही. ज्या गावात आपल्याला भात रांधून देणार आहेत, त्यांच्या शिवारात चोरासारखं शिरायचं?

एक विसरले. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. तेव्हा खातं आगीच्या मागे असतं आणि जंगलात माणसं नको असतात. त्या काळात अर्ज केलात तर माझ्यावर रागावू नका. मोहफुलाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे झाडाखाली अस्वल असतं, तेही आहेच. पावसाळ्यात नदी उतरू देत नाही. राहिला काय तो दिवाळी ते जानेवारी. म्हणजे पाच आठवडे गेले की हंगामाचा बराच तुकडा गेला.

गाठ सुटली ती गावात. कंटाळून मी एका खेपेला ऑफिसात न जाता सरळ गावी गेले, जेवणाचं नक्की करायला. बचतगटाच्या बायकांशी बोलणं झालं: भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. पारावर एक म्हातारे बसले होते, त्यांना मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. ते हसले.

"त्या रस्त्यानं आमी बंडी हाकली बाई. माझ्या बापानं हाकली. नदीपलीकडचं धान याच रस्त्यानं येत होतं. कोनी थांबवलं नाही आजवर."

"लिहिलेलं आहे का कुठं?"

"निस्तार पत्रकात असंन," बाजूला उभा असलेला कोतवाल म्हणाला. तो शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला, की मला माझ्या पाच आठवड्यांची लाज वाटली.

निस्तार पत्रक म्हणजे गावाचा पडीक आणि सामाईक जमिनीवरचा हक्क कशाकशाचा, त्याची यादी. गुरं कुठं चारायची, सरपण कुठून, माती-मुरूम कुठून, रस्ते कुठले. ही चीज जुन्या मध्य प्रांताकडून आपल्याकडं आली आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 161 मध्ये आजही आहे. तिची एक बहीण आहे, वाजिब-उल-अर्ज, कलम 165. खाजगी जमिनीतून जायच्या वहिवाटी तिच्यात असतात. तुमची पायवाट कुणाच्या शेतातून जात असेल तर तुम्ही ही बघा.

अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं. तिथल्या बाईंनी बस्ता सोडला. पानं पिवळी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, अक्षर मात्र मोत्यासारखं, भाषा अर्धी हिंदी अर्धी मराठी. आम्ही दोघी बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेलो. गोठान, म्हणजे गुरं बसायची जागा. मरघट, म्हणजे स्मशान. तलावाची पाळ. आणि मग तो रस्ता: गावापासून नदीघाटापर्यंत गाडरस्ता. बाईंनाच जास्त आनंद झाला. "सापडला!" म्हणून त्यांनी पंख्याखाली ठेवलेला आपला डबाही मला देऊ केला.

भूमी अभिलेखकडून गावनकाशाची प्रतही घेतली. गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. हे माहीत असेल तर नकाशा बोलायला लागतो. आमच्या झुडपीतून तुटक दुबार रेषा सरळ गेलेली होती. नुसती पायवाट नाही, बंडीचा रस्ता. मी घरी येऊन ती रेषा लाल पेनानं गिरवली. मग भीती वाटली, प्रतीवर लाल पेन चालतो का? दुसरी प्रत काढली.

सहाव्या खेपेला दोन्ही कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी एकदा पत्रक वाचलं, एकदा नकाशा पाहिला. वीस मिनिटांत सही. वर म्हणाले, "हे आधीच द्यायचं ना मॅडम."

आधीच! मागायचं ना मग आधीच. मी हसून 'हो सर' म्हटलं, कारण सहीची शाई ओली होती.

तुमचा रस्ता सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावातून जात असेल, तर क्रम उलटा करा, आधी ग्रामसभा. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलावर असा हक्क मिळाला, वनहक्क कायदा 2006 खाली. अशा गावाला तुम्ही फक्त जेवणापुरतं विचारलंत तर ते बरोबर दिसणार नाही. मी आमच्या गावात सगळ्यात शेवटी गेले. तिथंच चुकलं.

सहल झाली. काटे भरपूर: बाभळीचे, बोरीचे. पहिल्या दिवशी चौदा सायकलींत नऊ पंक्चर. माणशी दोन ट्यूब कमी पडतात, तीन घ्या. नदीच्या वाळूत सायकल ढकलू नका, खांद्यावर घ्या. वाळू चेनमध्ये गेली की पुढं दिवसभर करकर ऐकावी लागते. वनरक्षक मुलगी पुढं मोटारसायकलवर होती, आणि दर दोन किलोमीटरला थांबून मोजायची: बारा, तेरा, चौदा.

आणि ती झुडपी. अकरा मिनिटांत संपली. तरवड, पळसाची रोपटी, बोरीची जाळी, सुकलेल्या चिखलात गुरांचे खूर, आणि बाजूला बसलेला एक शेळ्यावाला पोरगा. त्यानं हातातल्या काठीनं आमच्या सायकली मोजल्या. रस्त्याच्या डाव्या अंगाला मोकळ्यावर तीन-चार काळवंडलेल्या जागा होत्या, वर छप्पर नव्हतं.

ते म्हातारे बाबा आमच्यासोबत हद्दीच्या खांबापर्यंत चालत आले होते. त्या काळ्या जागांकडं हात करून म्हणाले, "इथं शेड मंजूर झाली होती. झुडपी म्हनून राहून गेली. पावसाळ्यात ताडपत्री धरून उभं रावं लागते." मग थोडं थांबून, "बाई, त्या कागदावर मरघटबी लिहिलं हाये म्हनता ना?"

होतं. तिसऱ्या ओळीत. मी नक्कल प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वनरक्षक मुलीनं मोटारसायकल बंद करून ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. मग त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.