स्क्रूड्रायव्हर राहू दे, आधी निगेटिव्ह बघ

जुना मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेतला की पहिल्या एक-दोन रोलमध्ये काहीतरी निघतंच, आणि निघालं की लोक आधी यूट्यूब उघडतात आणि मग थेट कॅमेराच उघडतात. अरे थांबा ना जरा. निम्म्याहून जास्त बिघाड निगेटिव्हवरच लिहिलेला असतो, फक्त ती नीट बघायला पाहिजे, आणि बघायची म्हणजे स्कॅन नाही हां, लॅबवाला स्कॅन करताना कडा कापून टाकतो आणि खरी माहिती त्या कडांवरच असते.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातला जपानी ट्विन लेन्स रिफ्लेक्स आहे, एकावर एक दोन लेन्सचा, वरची बघायला आणि खालची फोटोला, वरून मान खाली घालून बघायचा तो. (ठाण्यात गोखले रोडला काढला की कोणीतरी काका थांबून "फिल्म मिळते अजून?" विचारणार म्हणजे विचारणारच.) १२० च्या रोलवर ६×६ चे १२ फोटो बसतात, त्यामुळे एकेक फ्रेम खिशाला लागते. तर ह्याच्या फोटोंत डाव्या कडेला पांढुरका पट्टा यायला लागला. लाइट लीक, म्हणजे कुठूनतरी नको तो उजेड आत शिरतोय, हे कोणीही सांगेल, पण कुठून? त्यासाठी निगेटिव्ह खिडकीशी धरायची (फोटोत पांढरं ते निगेटिव्हवर काळं). काळपटपणा फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल तर उजेड लेन्सच्या बाजूने आत येतोय, म्हणजे शटर, नाहीतर बेलोजवाला (पुढे घड्यांचा भाता असलेला) कॅमेरा असेल तर बेलोजला बारीक भोक. आणि चौकट ओलांडून फिल्मच्या पार काठापर्यंत, दोन फ्रेमच्या मधल्या पट्टीतही गेला असेल तर मागचं झाकण. माझा काठापर्यंत गेला होता. आता गंमत अशी की लेन्स चित्र उलटं पाडते, डावं-उजवंसुद्धा, त्यामुळे फोटोत डावीकडे दिसणारा डाग म्हणजे कॅमेरा हातात धरल्यावर उजवी बाजू, म्हणजे फिल्म फिरवायच्या क्रँककडची. तिथलं झाकण उघडून खाचेत टूथपिक फिरवली तर उजेड अडवणाऱ्या फोमच्या नावाखाली काळा चिकट डांबरासारखा लगदा बाहेर आला. हा फोम वयानेच कुजतो, त्यात आपली खाडीकाठची दमट हवा.

हे काम मात्र घरी करता येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथपिक, कापसाचे बड, आणि भरपूर वेळ. लगद्याचा एक कण जरी फिल्मच्या रुळांवर राहिला तर पुढच्या रोलवर ओरखडा ठरलेला, म्हणून टॉर्च मारून बघायचं. नवीन सील म्हणून जांभळी नाक्याहून काळी लोकर आणली, खाचेत दाबून बसवली, बिजागरीपाशी पातळ काळा फेल्ट. काम झालं. एक मात्र आहे, डाग प्रत्येक फ्रेमला वेगळा आणि रोलच्या सुरुवातीला किंवा शेवटालाच जास्त असेल तर झाकणाला दोष देऊ नका, रोल ढिला गुंडाळला गेलाय किंवा भर उन्हात बदललाय.

फ्रेमचं अंतरही असंच वाचायचं. पहिलीच फ्रेम अर्धी कापली गेली तर बॅकिंग पेपरवरचा (फिल्मच्या पाठच्या कागदावरचा) बाण खुणेला नीट लागला नव्हता, बास. पण मधेच दोन फ्रेम एकमेकींवर चढल्या, मग एकदम मोठी फट, मग परत चढल्या, तर ते वाइंडिंगच्या गिअरचं दुखणं आणि तिथे आपण हात घालायचा नाही.

शटरसाठी सगळ्यात स्वस्त मशीन म्हणजे फोनचा स्लो मोशन. फिल्म काढून मागचं झाकण उघडं ठेवायचं, लेन्स खिडकीकडे, आणि मागून २४० फ्रेम प्रति सेकंदाने शूट करायचं, ट्यूबलाइटसमोर नको कारण ती स्वतःच लपलप करते. मग शटर उघडं असलेल्या फ्रेम मोजायच्या. १ सेकंदाला २४० यायला पाहिजेत, १/३० ला ८. माझ्या कॅमेऱ्याच्या १ सेकंदाला साडेतीनशेच्या वर आल्या आणि शटरची ती बारीक घर्रर्र मधेच अडखळत होती, १/३० मात्र बरोबर निघाला. म्हणजे शटरची पाती ठीक, फक्त स्लो स्पीडच्या गिअरमधलं जुनं ग्रीस घट्ट झालंय. १/५०० ला ही युक्ती चालत नाही, एका फ्रेमच्या आतच खेळ संपतो. आणि कृपया, हात जोडून, आत तेल सोडू नका. तेल पसरत पात्यांवर जातं, पाती एकमेकींना चिकटतात, आणि साधं क्लीनिंगचं काम तिपटीचं होऊन बसतं.

निगेटिव्ह सगळ्या पातळ, म्हणजे फिकट येत असतील तर कधीकधी शटर बिचारं निर्दोष असतं. त्या काळच्या उजेड मोजणाऱ्या बऱ्याच मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही, आपण १.५ चा टाकतो, मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि एक्स्पोजर कमी पडतं. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक एअर सेल १.४ च्या आसपास देतो. स्टिकर काढल्यावर काही आठवड्यांत संपतो, पण तो मिळतो कुठल्याही श्रवणयंत्राच्या दुकानात. वय बघून दुकानदार जरा काळजीने बघतो तेवढंच.

फोकसचा संशय आला तर फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं तो स्पीड) लॉक करा, आणि गच्चीवरून लांबच्या टॉवरच्या खिडक्या वरच्या काचेत आणि बटर पेपरवर, दोन्हीकडे बघा. वर शार्प आणि खाली धूसर असेल तर दोन लेन्सचा मेळ सुटलाय. एकच बाजू धूसर असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय आणि पुढचं पॅनल तिरकं झालंय. दोन्ही कामं रिपेअरवाल्याची.

त्याच्याकडे, म्हणजे आपल्यासाठी बहुतेक फास्ट लोकल पकडून मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारला जाताना, "चालत नाही हो" एवढंच सांगू नका. न कापलेली निगेटिव्ह आणि फोनमधला स्लो मोशन व्हिडिओ बरोबर न्या, कुठला स्पीड अडकतो ते चिठ्ठीवर लिहा. माझ्या वेळी त्याने व्हिडिओ कानाला लावून नुसता आवाज ऐकला, "फक्त स्लो स्पीडचं बघू ना, बाकी उघडत नाही" म्हणाला आणि पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे वाचले.