कंपाउंडरचा ट्रम्पेट

घानाची राजधानी आक्रा. तिथंच उभं राहून ‘आक्रा, आक्रा!’ ओरडणारा पोरगा पाहून पहिल्या दिवशी मी चक्रावलोच. मग कळलं, ‘आक्रा’ म्हणजे जुनी बाजारपेठ. बोरिवलीची माणसं ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात तसं. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप, भरल्याशिवाय चाक हलत नाही. दाराशी लटकलेल्या त्या पोराला ‘मेट’ म्हणतात. सुटे तोच गोळा करतो आणि परत देताना विसरतोही.

मला जायचं होतं अशर टाउन आणि जेम्स टाउनच्या बाजूला, ई. टी. मेन्साच्या गावात. इमॅन्युएल टेट्टे मेन्सा, ट्रम्पेटवाला, जन्म १९१९. हायलाइफ म्हणजे पश्चिम आफ्रिकेचं नाचाचं संगीत, आणि ‘हायलाइफचा राजा’ म्हणतात त्याला. एखादी पाटी तरी असेल म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपस्तंभामागच्या गल्ल्या दुपारभर पालथ्या घातल्या. मला काही सापडली नाही. होता तो मासे धुरावण्याचा वास, शर्टात मुरलेला.

शेवटी भूक लागली. एका आँटींच्या टपरीवर केंके घेतलं: आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, मक्याच्याच सालात उकडलेला. सोबत तळलेला मासा आणि काळीभोर शितो. शितो म्हणजे जवळ्याची चटणी तेलात मुरवली तर जे होईल ते. मेन्साचं नाव काढताच आँटींनी हातातला झारा खाली ठेवला. ‘माझ्या बापानं माझ्या आईला त्याच्याच गाण्यांवर नाचवून पटवलं,’ म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवून दोन ओळी गुणगुणल्या.

हायलाइफ हे नाव मात्र अशा टपरीवरच्या लोकांनी दिलं, क्लबात नाचणाऱ्यांनी नव्हे. मेन्साचा थोरला भाऊ येबुआ सांगायचा, की क्लबात जायला साडेसात शिलिंगांचं तिकीट, अंगात इव्हनिंग ड्रेस आणि परवडली तर डोक्यावर उंच टोपीही लागायची. बाहेर उभं राहून बघणाऱ्यांच्या ते आवाक्यात नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला ‘हाय लाइफ’ म्हटलं. मला ही गोष्ट फार आवडते. आतला थाट आणि बाहेरची टवाळी, दोन्ही एका शब्दात.

मेन्सा शाळेच्या बँडमध्ये बासरी वाजवून तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात आक्रा ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांनी भरलं, त्यांना स्विंग, म्हणजे नाचायचं जॅझ, हवं होतं. एका स्कॉटिश सार्जंटच्या बँडमध्ये मेन्सानं श्वास आणि जीभ नीट वापरायला शिकून घेतलं. (त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट फुंकत होता, पुढे तो सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त दिसला. अमेरिकेच्या थोर जॅझ ट्रम्पेटवाल्याच्या नावावरून त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.) युद्ध संपल्यावर ‘टेम्पोज’ हा छोटा बँड मेन्साच्या हाती आला. स्विंगला कॅरिबियन बेटांवरचा कॅलिप्सो मिळाला, क्यूबाचे ताल मिळाले आणि खाली आफ्रिकन ठेका राहिला. नायजेरियाच्या दौऱ्यांनी तर तिकडच्या वाजवणाऱ्यांचं वळणच बदललं.

पण हा राजा शिक्षणानं फार्मासिस्ट! दिवसा औषधं, रात्री ट्रम्पेट. १९५० च्या दशकात बँडवर पोट भरायला लागलं, तेव्हा औषधं सुटली. १९६० च्या दशकात लोकांची आवड पालटली आणि तो परत औषधांच्या बाटल्यांकडे वळला. आपल्याकडे याला ‘पडता काळ’ म्हणतील. मला तर हा शहाणा हिशोब वाटतो.

संध्याकाळी जुन्या पोलो ग्राउंडवर गेलो. मे १९५६ मध्ये आर्मस्ट्राँग आक्रात उतरला, तेव्हा विमानतळावरच स्थानिक बँडवाल्यांनी ‘ऑल फॉर यू’ हे हायलाइफ गाणं सुरू केलं, आणि त्यानंही ट्रम्पेट काढून त्यांना साथ दिली. मग याच मैदानावर त्याचा कार्यक्रम झाला. दहा महिन्यांनी, ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री, घानाचा नेता क्वामे एन्क्रूमानं ब्रिटिशांपासून देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं तेही इथंच. त्या प्रसंगासाठी ‘घाना फ्रीडम’ हे गाणं मेन्सानंच केलं.

आता तिथं एन्क्रूमाची समाधी आहे. समोर कारंजं, आणि दोन्ही बाजूंना गुडघे टेकून तुताऱ्या फुंकणारे उघडे पुतळे. मी गेलो तेव्हा पाणी बंद होतं. एका मोरानं हिरवळीवरून येऊन तुतारीवाल्यांकडे पाहिलं, केका केली आणि निघून गेला.