तुम्ही विचारलंत म्हणून: तो पाणबुड्याचाच भाग का?

शनिवारच्या कार्टूनांवरून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्येसुद्धा. ‘एवढी कार्टून पडली आहेत, तरी सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही स्कूबी डूचा तो पाणबुड्याच्या भुताचाच भाग दरवर्षी का लावता? आमची मुलगी रात्री दिवा बंद करू देत नाही.’ आजवर मी ‘बघू, बघू’ म्हणून वेळ मारून नेली. दोघातिघांनी तर ‘तुम्ही अंनिसवाल्या, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या का?’ असंही विचारलं. मी कुठल्याही संघटनेत नाही. पण तो भाग मी बदलणार नाही, आणि का ते आता नीट सांगते.

आधी तुमच्या तक्रारी. भाग भीतिदायक आहे, हे मला मान्य आहे. २० सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेलेला हा भाग, स्कूबी डू नावाचा कुत्रा आणि भुतांचा छडा लावणारी चार मुलं यांच्या मालिकेतला दुसराच. जुना, गोल शिरस्त्राणाचा पाणबुड्याचा पोशाख, त्यावर चमकणारं समुद्री शेवाळ, आत चेहरा दिसत नाही आणि तो कण्हत पाण्यातून चालत वर येतो. मधूनमधून हसण्याचा आवाज भरलेला असला तरी त्या प्रसंगात माझ्या हॉलमधलं एकही मूल हसत नाही. दुसरी तक्रार वरच्या मजल्यावरच्या आजोबांची, की दर वेळी तेच: भूत, पळापळ, सापळा, मुखवटा. खरंय. पण मुलांना तेच हवं असतं. काय होणार ते ठाऊक असलं की ती पुढे सरकून बसतात. तिसरी तक्रार नववीतल्या एका मुलाची. तो म्हणतो, स्कूबी डूच्याच १९९८ च्या ‘झोम्बी आयलंड’ चित्रपटात भुतं खरी निघतात, म्हणून तो चित्रपट जास्त प्रामाणिक आहे, मुखवट्याखाली दर वेळी माणूस सापडणं ही फसवणूक आहे. त्याच्याकडे पुन्हा येते.

आणखी एक मत मी पालकांकडून ऐकलंय, की शेवट ओढूनताणून आहे. कॅप्टन कटलर बुडून मेला असं सगळे धरून चालतात, त्याचं भूत यॉट पळवतं अशी बोलवा होते, आणि शेवटी मुखवट्याखाली तोच कटलर, जिवंत. ‘मेलेला माणूसच चोर, हे काय?’ मला विचाराल तर त्या भागातली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे. भुताच्या नावावर कुणाचा तरी धंदा चाललेला असतो. लोक किनाऱ्यापासून लांब राहिले की चोरलेल्या यॉट लपवायला गुहा मोकळी. शेवाळावरून माग काढत मालिकेतली मुलं तिथपर्यंत पोचतात.

हे मला कार्टून बघताना कळलं नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत कळलं.

कार्टून नेटवर्क आपल्याकडे १९९५ ला आलं. आमच्याकडे केबल नव्हती, शेजारच्यांकडे होती, आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी स्कूबी डू बघायचे. त्याच सुमाराची गोष्ट. गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या अलीकडच्या खोलीत एक काकू एकट्या राहायच्या. काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, आणि काही वर्षांत काका गेले. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली होती. आजूबाजूच्या चाळींना भाव येणार हे मोठ्यांना कळत होतं. आमच्या चाळीत एक माणूस पागडीच्या खोल्या घ्यायला फिरत असे. काकूंच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या त्याने घेतल्या होत्या. काकू देत नव्हत्या.

मग रात्री जिन्यावर पावलं वाजायला लागली. वर जायचं, थांबायचं, परत खाली. काकूंच्या दाराची कडी हलायची. पहिल्या आठवड्यातच गॅलरीभर झालं की काका येतात. त्यांना गती मिळालेली नाही, कारण बाई खोलीला धरून बसली आहे. बाईने खोली सोडली, गावी भावाकडे गेली, की त्यांचा जीव सुटेल. हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला आजही माहीत नाही. कुणीतरी गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. मुलांनी संध्याकाळनंतर त्या बाजूच्या संडासाला जायचं बंद केलं.

मी गेले. उंबऱ्यावर बसून जे शिकले होते तेच करायला गेले. सकाळी लवकर, कुणी जिना झाडायच्या आत, मी पायऱ्या बघितल्या आणि वळणावर मला विडीचं थोटूक सापडलं. ताजं. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. भूत थोटूक टाकत नाही. मी धावत काकूंकडे गेले आणि तळहातावर ते धरून म्हटलं, ‘काकू, हे माणसाचं काम आहे. कुणीतरी तुम्हाला हाकलायला करतंय.’

काकूंनी ते उचललं, नाकाशी नेलं. म्हणाल्या, ‘हेच ओढायचे गो ते.’ आणि देव्हाऱ्याच्या फळीवर, काकांच्या फोटोपुढे ते थोटूक ठेवून दिलं. मी पुन्हा सांगायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या कानाखाली मारली. त्या कधी कुणावर हात उचलणाऱ्या नव्हत्या. ‘ते येतत,’ म्हणाल्या, ‘आणि तू म्हणतंस कोणीच येणा नाय?’ आईने मला ओढत घरी नेलं.

दिवाळीच्या आधी काकूंनी खोली दिली. किती पैसे मिळाले ते कुणी मोठ्याने बोललं नाही, पण जाताना त्यांच्याकडे एक ट्रंक आणि एक वळकटी होती. काकांची सुटका होणार म्हणून त्या शांत होत्या. नंतर जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तिन्ही खोल्यांच्या मधल्या भिंती पुढच्या वर्षी पडल्या. त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायला माझ्याकडे होतं काय? थोटूक तर देव्हाऱ्यात.

म्हणून मी तो भाग लावते. फायदा कुणाचा, हा प्रश्न मुलांच्या तोंडात बसावा म्हणून. कॉलेजात असताना मी एवढ्यावर थांबत असे आणि तावातावाने सांगत असे की मुखवटा ओढला की काम झालं. आता तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, की काकूंच्या बाबतीत तू काय ओढून काढणार होतीस? त्या घाबरून गेल्या नाहीत. नवऱ्याला सोडवायला गेल्या. रात्री दाराशी येणारं कुणीतरी त्यांना इतक्या वर्षांनी मिळालं होतं, आणि मी तेच काढून घ्यायला गेले होते. पण ती कॉलेजातली मी गप्प बसत नाही. ती म्हणते, आणि खोली? कवडीमोलाने गेली त्या खोलीचं काय? तिचंही मला खोडून काढता येत नाही.

नववीतल्या त्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘बघा, झोम्बी आयलंडमधली मेलेली माणसं सावध करायला आलेली असतात. काका खरंच आले असते तर त्यांनी काकूंना जाऊ नका म्हणून सांगितलं असतं.’ मी त्याच्याशी भांडले, अजूनही भांडते. भुतं खरी दाखवली की पावलं वाजवणाऱ्याचं फावतं, असं माझं म्हणणं. त्याचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. मागच्या वेळी ती रडायला लागली आणि तुम्ही तिला उचलून घरी नेलंत. भाग सगळा मिळून बावीसेक मिनिटांचा. तुम्ही उठलात तेव्हा पाणबुड्या पाण्यातून बाहेर आलेला होता आणि मुखवटा अजून चेहऱ्यावर होता. ती तेवढंच घेऊन घरी गेली. दिवा ती त्यासाठी मागते. या शनिवारी मी पुन्हा तोच भाग लावणार आहे. तुम्ही तिच्या शेजारी बसा, हवं तर मांडीवर घ्या, हात तिच्या डोळ्यांवर धरा, पण अर्ध्यावर उठू नका. कटलरचा चेहरा दिसला की हात काढा.