नागदेवी स्ट्रीटची फेरी: काच कोरण्याचा संच जमवताना

काचेवर सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत पावडर मारून काच खरवडणं) आणि कोरीवकाम सुरू करायला लागणारं बहुतेक सामान मुंबईत मशीद बंदर ते झवेरी बाजार या पट्ट्यात पायी फिरून मिळतं. मशीदला जलद लोकल थांबत नाही. धिमी किंवा हार्बरची गाडी धरा, नाहीतर सीएसएमटीहून चालत या. पश्चिमेला उतरलं की नागदेवी स्ट्रीट जवळच. रविवारी बाजार बंद असतो. सकाळी अकराच्या आधी पोचून फायदा नाही, आणि दुपारनंतर हातगाड्यांमधून वाट काढावी लागते.

खरेदी नोझलपासून, म्हणजे हवा आणि पावडर बाहेर फेकणाऱ्या तोटीपासून सुरू करावी. बहुतेक जण आधी कॉम्प्रेसर घेतात, मग मिळेल ते नोझल लावतात आणि दोन मिनिटांत दाब का पडतो म्हणून डोकं धरतात. प्रेशर पॉटवर (पावडर दाबाखाली ठेवणारी बंद टाकी) ४० पीएसआय (चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) ठेवलं तर ३.२ मिमी (पाव इंचाचा अर्धा) नोझल मिनिटाला साधारण ९-१० घनफूट हवा खातं, २.४ मिमीचं ५-६. तीन एचपी कॉम्प्रेसरच्या पाटीवर १०-११ घनफूट लिहिलेलं असतं, पण तो पिस्टनचा हिशेब. हातात येते त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. म्हणून दुकानात ‘फ्री एअर डिलिव्हरी किती?’, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा किती, एवढंच विचारा. तीन एचपीला २.४ मिमी नोझल, पाच एचपीला ३.२. पाच एचपीसाठी बहुधा थ्री-फेज वीजजोडणी लागते, ती आहे का हे घरून विचारून निघा.

सिरॅमिक नोझल स्वस्त, पण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने काही तासांत घासतं. टंगस्टन कार्बाइड बरं, बोरॉन कार्बाइड सगळ्यात टिकाऊ. ३.२ चं भोक घासून ४ मिमी झालं की हवा दीडपटीहून जास्त लागते, आणि दोष कॉम्प्रेसरला दिला जातो. ४ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा दांडा नोझलमध्ये शिरला तर नोझल बदला.

सक्शन गन (हवेच्या ओढीने पावडर खेचणारी) की प्रेशर पॉट? नुसतं धूसर नक्षीकाम करायचं तर सक्शन गन चालते, मात्र तिला ६०-८० पीएसआय लागतं. खोल कोरायचं असेल तर पॉटच घ्या. २०-४० पीएसआयवर हात शांत राहतो आणि स्टेन्सिलही (न कोरायचा भाग झाकणारं कापलेलं आवरण) टिकतं. आयात पॉट घेताना आटे तपासा. आपल्याकडची फिटिंग बीएसपी, आयात मालाची अनेकदा एनपीटी, ही आट्यांची दोन वेगळी मापं. पाव इंचात एकाचे इंचाला १९ आटे, दुसऱ्याचे १८. दोन फेरे बसतात आणि मग गळतं. टेफ्लॉन टेपने ते भागत नाही, अ‍ॅडॉप्टर त्याच दुकानातून घ्या.

पावडर २५ किलोच्या गोणीत येते. ब्राउन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड १८० नंबर रोजच्या कामाला, १०० किंवा १२० खोल कोरायला, २२० मऊ धूसर पोतासाठी. नंबर जितका मोठा तितकी पावडर बारीक. सिलिकॉन कार्बाइड जास्त धारदार आणि जास्त महाग. पावडर गोळा करून चाळून पुन्हा वापरता येईल अशी बंद कॅबिनेट असेल तरच परवडतं. नदीची वाळू मात्र अजिबात नको. १८७० मध्ये अमेरिकन संशोधक टिल्घमनने सँडब्लास्टिंगच्या तंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा वाळूच होती, पण फुटलेल्या वाळूची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. कापडी मास्कने काही होत नाही. नागदेवीतल्याच सेफ्टीच्या दुकानात अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि पी-१०० (अगदी बारीक धूळही अडवणारा) फिल्टर मिळतात.

पावसाळ्यात काम करणार असाल तर वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून बसवू नका. गरम हवेतली वाफ त्यातून तशीच निघून जाते. मध्ये सात-आठ मीटर पाइप ठेवला की हवा निवते आणि पाणी तिथे सुटतं. नोझल खोकल्यासारखं अडकत फेकायला लागलं, की पावडर ओली झाली असं समजा.

स्टेन्सिलसाठी साइनबोर्डवाल्यांचं साधं व्हिनाइल वरवरच्या धूसरपणाला पुरतं. खोल कामाला जाड रबरी स्टेन्सिल लागतं. ते ग्रॅनाइटवर अक्षरं कोरणाऱ्यांकडे चौकशी केली की सापडतं. काच मागून कोरायची असेल तर पाहणाऱ्याला सर्वांत जवळ दिसायला हवा त्या भागावरचं स्टेन्सिल आधी काढून तो सर्वांत खोल मारायचा, बाकीचे क्रमाने. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ नये.

बारीक रेघांसाठी झवेरी बाजारात वळा. सोनारांची लटकती मोटर, मायक्रोमोटर (हातात धरायची छोटी मोटर) आणि डायमंड बर (हिऱ्याचे कण लावलेली कोरायची टोकं) इथे मिळतात. मायक्रोमोटरला २.३५ मिमी दांड्याचे बर बसतात, साध्या रोटरी टूलला बहुधा ३ मिमीचे. मिसळून घेऊ नका. बर पाण्याचा थेंब ठेवूनच चालवा, कोरडा फिरवला तर हिरा झडतो आणि कडेचे टवके उडतात.

‘काचेचं अ‍ॅसिड’ म्हणून हायड्रोफ्लोरिक कोणी देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. पातळ अ‍ॅसिडची जळजळ तासांनी कळते, तोवर ते आत पोचलेलं असतं. एचिंग क्रीममध्येही फ्लोराइड असतं, त्यामुळे नायट्राइल हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (अशा भाजण्यावर लावायचं) आधी घ्यावं, क्रीम नंतर. अ‍ॅसिड रेल्वेत नेणं गुन्हा आहे.

काच मुंबईतून वाहून आणू नका, गावातच घ्या, पण साधी. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो. शिक्का कापून गेला असेल तर पोलराइज्ड गॉगलमधून तिरक्या उजेडात पट्टे किंवा ठिपके दिसतात. टफन्ड काचेवर खोल कोरलं की तिचा एकदम भुगा होतो.

पॉट, कॉम्प्रेसर आणि गोण्या ट्रान्सपोर्टला टाका. बिल्टीवर नगांची संख्या स्वतः वाचा, जीएसटी बिलाची प्रत सोबत द्या, आणि नोझल, बर, मास्क मात्र हातातल्या पिशवीत ठेवा.